‘श्यान विश्वे’ : एका निबंधाचे परीक्षण

थानू पद्मनाभन आणि शशिकुमार चित्रे यांचा ‘श्यान विश्वे’ हा छोटेखानी इंग्रजी निबंध १९८७ साली ‘फिजिक्स लेटर्स ए’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोघेही त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढे आपल्या गणित विभागांतून, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातून, याच विषयावर इतके लेखन झाले आहे की, मूळ निबंधाचे गुणदोष स्वतंत्रपणे पाहणे अगत्याचे वाटते.

प्रथम संज्ञेचा खुलासा केला पाहिजे. द्रायूचा एक थर दुसऱ्यावरून सरकताना होणारा विरोध ही कर्तरी श्यानता. केवळ आयतन बदलत असता होणारा विरोध ही आयतनी श्यानता. स्टोक्सने १८४५ मध्ये ही दुसरी शून्य मानली. एकाण्वीय विरल वायूंपुरते ते ठीकच आहे. पाण्यात मात्र ती कर्तरी श्यानतेच्या सुमारे तिप्पट भरते. बहुअण्वीय वायूंत तिचे मूळ रेणूंच्या दिरंगाईत आहे. संकोचनाने मिळालेली ऊर्जा रेणूंच्या अंतर्गत कंपनांत पोचण्यास काही काळ लागतो, आणि तोवर दाब समतोलाच्या मूल्यापासून ढळलेला राहतो. परभणी जिल्ह्यातील बोरीच्या शिवारात दूरच्या मिरवणुकीतला ढोल ऐकू यावा आणि झांज मात्र वाटेतच विरावी, यात हवेतील प्राणवायू व नत्र यांच्या या दिरंगाईचाही वाटा असतो. हवेतील बाष्पाचे प्रमाण बदलले की ध्वनीचे हे शोषणही बदलते. सारांश, ही राशी मोजता येते आणि तिला कारण असते.

आता निबंधाकडे वळू. प्रसरणशील विश्वात आयतनी श्यानता दाब घटविते. ती पुरेशी मोठी असल्यास एकूण दाब ऋण होतो व विश्व घातांकी गतीने फुगू लागते. गूथने १९८१ साली अशा फुगण्यासाठी एका अज्ञात क्षेत्राचा आश्रय घेतला होता. येथे द्रायूच्या एका परिचित गुणावरच काम भागविले आहे. ही श्यानता ऋण ऊर्जेच्या क्षेत्राप्रमाणे वागते हे लेखकांचे निरीक्षण तर विशेष मार्मिक होय. मराठी वाचकास येथे हॉईल-नारळीकरांचे सी-क्षेत्र आठवल्यावाचून राहणार नाही. इतक्या थोड्या गणितात इतके दाखविणे हे सामान्य काम नव्हे.

परंतु ‘पुरेशी मोठी’ म्हणजे किती? आजच्या विश्वाचा प्रसरणवेग घेऊन आम्ही हिशेब करून पाहिला. दाबरहित द्रव्याच्या विश्वात केवळ श्यानतेने तो वेग स्थिर राखावयाचा, तर सुमारे १२ कोटी पास्कल-सेकंद इतकी आयतनी श्यानता लागते. पाण्याची आहे एका पास्कल-सेकंदाच्या सुमारे तीन सहस्रांश! म्हणजे घनमीटरात सरासरी पाच-सहा हायड्रोजन अणूंइतकेच द्रव्य ज्यात आहे, त्या द्रायूने पाण्याच्या चार हजार कोटी पट श्यान असावे, अशी ही मागणी आहे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र आकड्याच्या मोठेपणाला नाही. श्यानतेने येणारा दाब हा प्रसरणवेगाच्या प्रमाणात धरण्याचे सूत्र एकार्टच्या १९४० सालच्या सिद्धांतातले आहे, आणि ते समतोलाच्या निकटच खरे असते. श्यान दाब हा मूळ दाबाच्या मानाने अल्प असला पाहिजे. घातांकी प्रसरणासाठी तर तो मूळ दाबाहून मोठाच हवा. ज्या ठिकाणी निष्कर्ष चित्तवेधक होतो, नेमके त्याच ठिकाणी सूत्राची सनद संपलेली असते. शिवाय हिस्कॉक आणि लिंडब्लॉम यांनी १९८५ मध्येच एकार्टच्या सिद्धांतातील समतोलावस्था अस्थिर असल्याचे दाखविले होते, आणि इस्रायल व स्ट्युअर्ट यांचा शिथिलनकालासहित सिद्धांत १९७९ पासून उपलब्ध होता.

मूळ लेखकांनी एक शक्यता दाखविली, एवढ्यापुरते त्यांना झुकते माप देता येईल. अनुयायांना ते देता येत नाही. श्यानता घनतेच्या अमुक घाताप्रमाणे बदलते असे गृहीत धरावयाचे, आणि तो घात निवडावयाचा तो समाकलन सुटते म्हणून, हा प्रकार प्रबंधांतून सर्रास आढळतो. काही प्रतिमानांत तर दाबहीन धुळीलाच श्यानता बहाल केलेली असते. जिच्या कणांची परस्परांशी टक्कर होत नाही व ज्यांना अंतर्गत कंपनेही नाहीत, तिच्यात दिरंगाई कोणाची, हे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न वाइनबर्गने १९७१ मध्येच विचारला होता. द्रव्य व प्रारण यांच्या मिश्रणात ऊर्जेची देवघेव होण्यास किती वेळ लागतो, यावरून त्याने आयतनी श्यानतेचा गुणांक काढला. विश्वातील प्रचंड एन्ट्रॉपीचा उलगडा करण्यास तो अपुरा ठरला, आणि वाइनबर्गने तसे लिहून ठेवले.