जयसिंग जाधवचा पेशा

विजय तेंडुलकरांच्या 'कमला' या नाटकावर मराठीत जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन सरिताच्या बाजूने झाले आहे, आणि ते योग्यच झाले. विकत आणलेली कमला घराच्या मालकिणीला जेव्हा साधेपणाने विचारते, की तुला यांनी कितीला घेतले, तेव्हा नाटकाचा काटा फिरतो. तो क्षण ज्याने प्रयोगात अनुभवला आहे त्याला हे नाटक स्त्रीच्या गुलामीचे नाटक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु या एका प्रश्नाच्या प्रकाशात बाकीचे नाटक काहीसे झाकोळले गेले, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. 'कमला' हे एका पेशाविषयीचेही नाटक आहे. पत्रकार नेमके काय करतो, त्याला त्यासाठी काय लागते, आणि ते करताना त्याच्या हातून काय सुटते, याचा इतका थेट विचार करणारे दुसरे मराठी नाटक मला तरी आठवत नाही.

तेंडुलकरांना हा पेशा ऐकून माहीत नव्हता. 'नवभारत', 'मराठा', 'लोकसत्ता' अशा वृत्तपत्रांतून त्यांनी नोकऱ्या केल्या होत्या. पुढे सत्तरच्या दशकात नेहरू अभ्यासवृत्ती घेऊन हिंसेच्या अभ्यासासाठी ते देशभर फिरले, म्हणजे एका अर्थी बातमीदाराचेच काम त्यांनी केले. तेव्हा जयसिंग जाधव हे पात्र बाहेरून पाहून काढलेले व्यंगचित्र नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी.

नाटकाचे मूळ वाचकांना ठाऊक असेलच, तरी आपल्या ग्वाल्हेरकरांसाठी त्याची उजळणी करणे अगत्याचे आहे. एप्रिल १९८१ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'चे बातमीदार अश्विनी सरीन यांनी धौलपूर भागात २३०० रुपये देऊन एक स्त्री विकत घेतली आणि ही खरेदी स्वतःच्या नावाने बातमीत जाहीर केली. आग्रा, धौलपूर, मुरैना या पट्ट्यात चालणारा स्त्रियांचा व्यापार उघड करणे हा त्यांचा हेतू होता. ती स्त्री शिवपुरीजवळच्या एका खेड्यातली होती. शिवपुरी म्हणजे आपल्याच जुन्या संस्थानाची उन्हाळी राजधानी. येथील कितीतरी मराठी घरांचे वाडे, नातलग आणि पेन्शनी तेथे होत्या. धौलपूर येथून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. ज्या वर्षी ही बातमी दिल्लीत फुटली त्याच वर्षी तेंडुलकरांचे नाटक मुंबईत रंगभूमीवर आले; पण त्यांनी बाजार बिहारमध्ये रांचीपलीकडे, आज झारखंडात असलेल्या लोहारदग्याला नेला आणि किंमत २५० रुपयांवर आणली. नाटककाराला हा अधिकार आहेच. तरीही चंबळकाठच्या वाचकाच्या मनात एक बारीकशी खंत उरते, की आपल्या दाराशी घडलेली गोष्ट मराठी साहित्यात आली ती दूरच्या आदिवासी मुलुखाची म्हणून आली. आपल्या भागातील मराठी माणसांनी तिच्याकडे 'बिहारातले काहीतरी' म्हणून पाहिले, आणि ते त्यांना सोयीचेही झाले.

आता जयसिंगकडे वळू. समीक्षकांनी त्याला एका वाक्यात निकालात काढले आहे: प्रसिद्धीचा हपापलेला, बायकोला गुलाम समजणारा, इंग्रजीत लिहिणारा दिल्लीकर. त्याच्या समोर सरिताचे काका, काकासाहेब, हे जुन्या पिढीचे, मराठीत छोटे वृत्तपत्र चालवणारे, तत्त्वनिष्ठ संपादक. वाचक अर्थातच काकासाहेबांच्या बाजूला झुकतो. माझा आक्षेप येथे आहे. जयसिंगच्या अंगी काय काय आहे ते जरा मोजून पाहावे. तो बाजार कोठे भरतो ते शोधून काढतो. तेथे स्वतः जातो. स्त्रियांना हाताळून, चाचपून कसे विकले जाते ते डोळ्यांनी पाहतो. खरेदी हा गुन्हा आहे आणि आपल्याला अटक होऊ शकते हे ठाऊक असूनही पुरावा हाती घेतल्याशिवाय परत फिरत नाही. निनावी दूरध्वनींवरून येणाऱ्या धमक्या त्याच्या घरात रोजच्याच झाल्या आहेत. हे सर्व गुण आहेत, आणि पत्रकाराच्या पेशाला ते लागतातच.

काकासाहेबांचे काय? ते बोलतात मार्मिक. ज्यांच्याविषयी लिहितोस त्यांना न कळणाऱ्या भाषेत लिहितोस, हा त्यांचा जयसिंगला लगावलेला टोला आजही बोचतो. परंतु काकासाहेब कधी एखाद्या बाजारात गेले होते काय? नाटक याबाबत काही सांगत नाही, आणि मला वाटते ते गेले नसावेत. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढल्यापासून मराठी वृत्तपत्राचा जीव अग्रलेखात राहिला. टिळक, आगरकर, शि. म. परांजपे, अच्युतराव कोल्हटकर ही सारी नावे आपण संपादक म्हणून घेतो. या मंडळींच्या तोडीचा बातमीदार सांगा म्हटले तर आपण थबकतो. आपल्या परंपरेत मताला मान मिळाला. वृत्तांत गोळा करणारा मात्र कायम हाताखालचा राहिला. जयसिंगच्या रूपाने तेंडुलकरांनी प्रथमच बातमीदाराला मराठी रंगभूमीच्या मधोमध उभे केले, आणि समीक्षेने त्याला पुन्हा काकासाहेबांच्या पायाशी बसवले.

मग जयसिंग चुकतो कोठे? कमलेला विकत घेण्यात चूक आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. मी त्या वादात शिरत नाही. त्याची खरी कसोटी लागते ती कमला घरी आल्यानंतरच्या दोन दिवसांत. सरिता तिला न्हाऊमाखू घालू पाहते, तर हा अडवतो. फाटक्या, मळक्या लुगड्यातच ती पत्रकार परिषदेत दिसली पाहिजे. तेथे जमलेले लोक तिला अश्लील प्रश्न विचारतात आणि घरी आल्यावर जयसिंग व त्याचा मित्र जैन पेल्यांच्या संगतीने त्या प्रश्नांवर हसतात. त्यानंतर कमलेची रवानगी अनाथाश्रमात. ज्या क्षणी ती पुरावा झाली त्या क्षणी ती त्याच्या लेखी माणूस राहिली नाही. बातमीदाराला पुरावा लागतो हे खरे. पण हा पुरावा जेवतो, झोपतो, घाबरतो, आणि बातमी छापून झाल्यावरही त्याला कोठेतरी राहायचे असते. या पेशाचे सारे शिक्षण बातमी मिळवण्याचे आहे. बातमी मिळाल्यानंतर बातमीतल्या माणसाचे काय करायचे हे जयसिंगला कोणी शिवलेले वा शिकवलेले दिसत नाही, आणि ते शिकवता येते असेही त्याच्या पेशाला वाटत नाही.

मूळ घटनेतही हेच झाले, हे सांगणे भाग आहे. दिल्लीत ज्या आश्रयगृहात त्या स्त्रीला ठेवले होते तेथून ती पुढे नाहीशी झाली.

शासकीय नोकरीत माझी हयात गेली, त्यामुळे पत्रकार हा प्राणी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. चांगला बातमीदार ओळखण्याची आम्हा अधिकाऱ्यांची एक खूण होती. साधा बातमीदार येऊन साहेबांचे मत विचारतो. चांगला बातमीदार आदेशाची प्रत मागतो. पहिला चहा घेऊन जातो. दुसऱ्याला पाहिले की बाबू लोक कपाटाची किल्ली शोधू लागतात. एका तहसिलीतला असा एक तरुण मला चांगला आठवतो. कंट्रोलच्या दुकानातले धान्य कोठे जाते यावर त्याला लिहायचे होते. त्याने साठ्याची नोंदवही पाहायला मागितली, मिळाली नाही. दुसऱ्यांदा आला, मिळाली नाही. तिसऱ्यांदा लेखी अर्ज घेऊन आला. मध्यंतरी कार्डधारकांच्या घरोघर जाऊन कोणाला किती महिने धान्य मिळाले नाही याची वही त्याने स्वतः तयार केली होती. बातमी छापून आली. चौकशीत ती खरी निघाली आणि दुकान निलंबित झाले. पण या तरुणाला वृत्तपत्राकडून पगार नव्हताच. आमच्या प्रदेशात तहसीलपातळीचा संवाददाता बहुधा वृत्तपत्राचा एजंटही असतो. अंकांच्या विक्रीवर आणि जाहिरातींवर मिळणाऱ्या दलालीत त्याचे घर चालते. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन आला की परिशिष्टासाठी सरपंचांकडून, दुकानदारांकडून, ठेकेदारांकडून शुभेच्छांच्या जाहिराती त्यानेच आणायच्या. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच दारी हा पावतीपुस्तक घेऊन उभा. त्या वर्षी त्याला जाहिराती कोण देणार? पुढच्या वर्षी एजन्सी दुसऱ्याच्या नावे झाली.

हा अनुभव मनात धरून 'कमला' वाचले की नाटकाचा शेवट अधिक चांगला कळतो आणि त्यातली उणीवही दिसते. शेवटी मालकावर वरून दबाव येतो आणि जयसिंगला काढून टाकले जाते. ज्याने कमलेला वापरले तो स्वतःच वापरला गेला, ही तेंडुलकरांची मांडणी आहे. ती खरी आहे. पण नाटकात वृत्तपत्राचे कार्यालय कोठेच नाही. मालक दिसत नाही, संपादक नाही, मजकूर तपासणारा उपसंपादक नाही, वकील नाही. आहे तो फक्त दूरध्वनी. जणू पत्रकारिता हा एकट्या वीराचा खेळ. वास्तवात सरीन यांना बडतर्फ केले गेले नाही. कार्यकारी संपादक अरुण शौरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि वृत्तपत्राने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. एखादी बातमी किती माणसांच्या खांद्यावर उभी असते, हे दाखवण्याची संधी नाटकाने सोडली. जयसिंगचा एकाकीपणा त्यामुळे नाट्यमय झाला, पण काहीसा सोपाही झाला. दिल्लीचा नामांकित बातमीदार नोकरी गेली तर उद्या दुसरीकडे लागेल. आमच्या तहसिलीतल्या त्या तरुणाची गोष्ट नाटकात मावली नसती.

या संदर्भात 'सिंहासन'मधील दिगू टिपणीसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली केलेल्या चित्रपटाची पटकथा तेंडुलकरांचीच होती. म्हणजे जयसिंगच्या दोनच वर्षे आधी त्यांनी दिगूबरोबर काही महिने घालवले होते. निळू फुले यांनी साकारलेला हा दिगू जयसिंगच्या अगदी उलट. त्याला सारे ठाऊक आहे. मंत्री त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात, कोणाचा पाय कोण ओढतो आहे हे त्याला आधी कळते. आणि या जाणण्याचे तो काय करतो? फारसे काहीच नाही. जाणणे आणि छापणे यांतील दरी त्याला पोखरत जाते आणि अखेरीस तो वेड्यासारखा हसत सुटतो. साधू स्वतः जन्मभर पत्रकार होते, पुढे पुणे विद्यापीठात पत्रकारिता शिकवतही होते. दिगूचा थकवा त्यांनी आतून ओळखला होता. एकाला छापण्याची घाई, दुसऱ्याला न छापण्याची सवय. दोघांनाही आपापल्या माणसांचे काही भले करता येत नाही. तरी मला विचाराल तर मी जयसिंगला वरचा क्रमांक देईन. त्याने निदान बाजार जगाला दाखवला.

काकासाहेबांच्या भाषेच्या मुद्द्याविषयी महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला थोडे अधिक बोलण्याचा हक्क आहे. आपल्यातल्याच काहींनी हा प्रश्न फार पूर्वी आपल्यापुरता सोडवला होता. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत. बाबूराव विष्णू पराडकर काशीच्या 'आज'चे संपादक झाले ते हिंदीत. इंदूरच्या 'नई दुनिया'ला राहुल बारपुते यांनी घडवले तेही हिंदीत. ज्या लोकांत राहतो त्यांच्या भाषेत लिहायचे, एवढे साधे सूत्र त्यांनी पाळले. यांपैकी पराडकरांनी १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात असे भाकीत केले होते, की पुढे वृत्तपत्रे देखणी होतील, सचित्र होतील, मोठ्या भांडवलावर चालतील, परंतु संपादकाला आजचे स्वातंत्र्य उरणार नाही. जयसिंगची बडतर्फी त्यानंतर ५६ वर्षांनी रंगमंचावर आली. काकासाहेबांच्या तोंडी पराडकरांच्या तोलाचे विचार घातले असते तर ते पात्र अधिक भक्कम झाले असते. आहे त्या स्थितीत ते पुतणीच्या घरी आलेले शहाणे पाहुणेच राहतात.

ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूर येथील हौशी नाट्यसंस्थांनी या नाटकाला पुन्हा हात घालावा, अशी माझी इच्छा आहे. घालतील त्यांना एकच विनंती. प्रयोग आटोपशीर करण्यासाठी कात्री लावायची वेळ आली तर ती जयसिंग आणि काकासाहेब यांच्या वादावर लावू नये. आणि कमलेची भूमिका संवाद थोडे म्हणून नवख्या मुलीला देण्याची प्रथा सोडावी. पत्रकार परिषद नाटकात दिसत नाही. ती आपण जयसिंग आणि जैन यांच्या हसण्यातून ऐकतो. ते हसत असताना कमला त्याच घरात असते, आणि तिला त्यातले काय कळले, काय नाही, हे त्या नटीने ठरवायचे असते.