टेंभुर्णीचं लॅटिन कसं कराल?

वर्गीकरणशास्त्रात पीएचडी करायचं ठरवत असाल, तर कधीतरी एखाद्या गावाचं नाव लॅटिनमध्ये बसवायची वेळ तुमच्यावर येईल. हे काम आपल्याकडे फार घाईत उरकलं जातं, असं माझं मत आहे. गावाचं नाव घ्यायचं, मागे 'एन्सिस' चिकटवायचं, झालं! ('एन्सिस' म्हणजे साधारण आपलं 'कर'.)

उदाहरण बघा. १९६३ साली सोमण यांनी कोयना परिसरातल्या एका भेकाचं नाव ठेवलं 'बुफो कोयनायेन्सिस'. 'कोयनेन्सिस' पुरलं असतं. मधला 'य' लॅटिनला नको होता. २००९ मध्ये हा भेक 'झँथोफ्रायनी' या नव्या प्रजातीत गेला, तरी मागचा शब्द तसाच राहिला. कारण प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता चुकीच्या लॅटिनीकरणाला दुरुस्त करण्याजोगी चूक मानत नाही. एकदा छापलं की ते कायमचं.

वनस्पतींत कोकणाची दोन रूपं सापडतात. 'बिगोनिया कॉन्कनेन्सिस' सी-ने, 'इरिओकॉलॉन कोंकणेन्से' के-ने. एक युरोपियन स्पेलिंग, दुसरं आपल्याकडच्या संशोधकांचं. मला दुसरं आवडतं. शेवटचा फरक मात्र व्याकरणाचा आहे: बिगोनिया स्त्रीलिंगी, इरिओकॉलॉन नपुंसकलिंगी. आपण 'चांगली' आणि 'चांगलं' म्हणतो ना, तसंच.

२०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन इंग्रजीतही चालतं, म्हणून 'आता लॅटिन कशाला?' असं बरेच जण विचारतात. अहो, वर्णनातून सुटका झाली, नावातून नाही. आणि लॅटिन शब्दसूची पाठ करून येत नाही, ते बोलावं लागतं. रोमन लोक शहराच्या नावाआधी शब्दयोगी काही लावत नसत, फक्त शेवट बदलत: 'रोमाय' रोममध्ये, 'रोमाम' रोमला, 'रोमा' रोमहून (शेवटचा 'आ' लांब). इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो. तुम्ही कशाला अडखळाल? टेंभुर्णीत, टेंभुर्णीला, टेंभुर्णीहून हे तुम्ही रोजच बोलता. समजा, गावाला 'तेम्भुर्निया' केलं. मग 'तेम्भुर्नियाय हाबितो' म्हणजे टेंभुर्णीत राहतो, 'तेम्भुर्नियाम एओ' म्हणजे टेंभुर्णीला जातो, 'तेम्भुर्निया वेनिओ' म्हणजे टेंभुर्णीहून येतो. सोलापूरच्या एसटीत बसल्या बसल्या पुटपुटा, शेजारचा फार तर मंत्र समजेल.

जातीचं नाव करायचं तर 'तेम्भुर्निएन्सिस'. लॅटिनमध्ये 'भ' नाही, 'ण' नाही. 'ण' सोडा, पण 'भ'चा एच काढू नका, नाहीतर पुढचा वाचणारा गाव शोधत बसेल. (गंमत म्हणजे टेंभुर्णी हे झाडाचंही नाव. त्या झाडाला शास्त्रज्ञ 'डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन' म्हणतात, म्हणजे काळ्या लाकडाचं.) आणखी एक: टेंभुर्णी जालना जिल्ह्यातही आहे. तेव्हा नाव कुठून आलं हे लिहिताना 'ता. माढा, जि. सोलापूर' आणि अक्षांश-रेखांश दोन्ही टाका.