कातडे कोणाकडे पाठवावे? : शिकारसाहित्य, टॅक्सिडर्मिस्ट आणि अनुवादाचे एक रूपक

अनुवादविषयक चर्चेत एक उपमा इतकी रुळली आहे की तिचा मूळ पत्ता आता कोणी विचारीत नाही. एडवर्ड फिट्झेरल्ड याने एप्रिल १८५९मध्ये आपला स्नेही आणि फारसीचा गुरू एडवर्ड कॉवेल याला लिहिलेल्या पत्रात, पेंढा भरलेल्या गरुडापेक्षा जिवंत चिमणी बरी, अशा आशयाचे विधान केले. खय्यामच्या रुबायांचे त्याचे इंग्रजी रूपांतर त्याच वर्षीचे. पत्र गेले कलकत्त्याला. कॉवेल त्या वेळी तेथे अध्यापन करीत होता, आणि फिट्झेरल्डने ज्या दोन हस्तलिखितांवर काम केले त्यांपैकी एकाची नक्कल कॉवेलनेच कलकत्त्याहून पाठवलेली होती. म्हणजे गरुडाचे कातडे ज्याने पाठवले, त्यालाच चिमणीची थोरवी कळवण्यात आली. या व्यवहारातील औपरोधिकता फिट्झेरल्डच्या लक्षात आली नसावी. आपल्या अनुवादमीमांसेच्याही ती फारशी लक्षात आलेली दिसत नाही.

ही उपमा वर्गात मांडली की कौल हमखास चिमणीच्या बाजूने पडतो. गरुडात पेंढा कोणी भरला, त्याला कातडे कोणत्या अवस्थेत मिळाले, सोबत मापे होती काय, आणि गरुड मारला एका देशी व उभा केला दुसऱ्या देशी असे घडले काय, हे प्रश्न विचारले जात नाहीत. परमुलखात केलेल्या शिकारीचे कातडे कोणत्या टॅक्सिडर्मिस्टकडे सोपवावे, हा प्रश्न शिकारी लोकांनी मात्र शतकाहून अधिक काळ अत्यंत गांभीर्याने घेतला. त्यांच्या उत्तरांत भाषांतराविषयी, आपल्या उपमांत असते त्याहून अधिक समज आहे, असे माझे मत आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मराठीत आपण 'पेंढा भरणे' म्हणतो. पारिभाषिक कोशांतले संस्कृत प्रतिशब्द बोलण्यात उतरलेले नाहीत. फ्रेंच 'आंपाये' हे क्रियापदही 'पाय्', म्हणजे पेंढा, या शब्दापासूनच बनले आहे. या दोन्ही भाषांनी आत काय कोंबले ते पाहिले. 'टॅक्सिडर्मी' या ग्रीक घटकांच्या शब्दाने मात्र बाहेरच्या त्वचेची मांडणी पाहिली. व्यवहाराच्या दृष्टीने ग्रीक शब्द अधिक अचूक ठरतो, कारण नामांकित कारखान्यांतून पेंढा केव्हाच हद्दपार झाला होता. म्हैसूरच्या व्हॅन इंगन कारखान्यात साच्यातून काढलेल्या, कागदाच्या लगद्याच्या देहावर कातडे चढवले जाई. शिकाऱ्याने पाठवलेल्या वाघात मूळ वाघाचे कातडे असे, कवटी व दात असत, इतकेच. डोळे काचेचे, स्नायूंचा आकार कारागिराने कल्पिलेला. ज्याला आपण मूळ प्राणी समजतो तो बहुतांशी लक्ष्यस्थळी घडवलेला असतो.

म्हणूनच निवड महत्त्वाची ठरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य प्रांतात किंवा निलगिरीत वाघ मारणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यापुढे दोन मार्ग असत. एक म्हणजे कातडे मीठ-तुरटी लावून, सुकवून लंडनला पिकॅडिलीत रोलंड वॉर्डच्या दुकानाकडे धाडणे. दुसरा म्हणजे ते म्हैसूरला पाठवणे. वॉर्डच्या कारागिरांना इंग्रजी दिवाणखाना ठाऊक होता : भिंतीची उंची, शेकोटीची जागा, पाहुण्याला हवा तेवढा थरार. म्हैसूरच्या कारागिरांना जनावर ठाऊक होते, शिवाय कातडे ताजे असतानाच हाती येई. आपल्या परिभाषेत बोलायचे तर पहिला मार्ग लक्ष्यसंस्कृतीचा, दुसरा स्रोतसंस्कृतीचा. आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्यांपुढे आजही हाच पेच असतो. जनावर तिथल्याच कारागिराकडून उभे करून घ्यावे आणि भल्यामोठ्या पेटाऱ्याचे भाडे भरावे, की कातडे जंतुनाशकात बुडवून, घडी घालून, परवान्यांसह मायदेशी आणावे आणि ओळखीच्या माणसाकडे द्यावे? जाणते लोक सांगतात की कारागिराने त्याच जातीचे जनावर पूर्वी केले आहे काय ते पाहावे, आणि पाहताना शिंगांवर न भुलता डोळ्यांच्या कडा, कान आणि नाकपुड्या तपासाव्यात. शिंगे तर जनावराचीच असतात. कारागिराचे कसब कळते ते पापणीपाशी. अनुवादाची परीक्षा करताना आपण मोठमोठ्या प्रतिमांवर थांबतो आणि अव्ययांकडे पाहत नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मात्र वरील विभागणी वाटते तितकी सोपी नाही. म्हैसूरचा कारखाना युजिन व्हॅन इंगन याने विसाव्या शतकाच्या आरंभी उभारला, पुढे त्याच्या मुलांनी चालवला आणि १९९९मध्ये तो बंद झाला. या कारखान्याचा इतिहास लिहिणारे पॅट मॉरिस यांच्या अंदाजानुसार तेथून बाहेर पडलेल्या वाघ-बिबट्यांची संख्या ४३ हजारांच्या घरात जाते. एवढ्या मोठ्या संख्येला साचे लागतात. कुमाऊँचा वाघ काय आणि कूर्गचा काय, दोघेही त्याच तऱ्हेने ओठ मागे ओढून गुरगुरू लागतात. स्थानिक कारागीर म्हणून ज्याची निवड केली तोही स्वतःची शैली लादतोच. आणि ती गुरगुर अखेर ग्राहकाच्या मागणीने ठरलेली असते, कारण झोपलेला वाघ मारला असे भिंतीवरून सांगायला कोणाला आवडेल?

रोलंड वॉर्डने आणखी एक पाऊल पुढे टाकले होते. शिकाऱ्यांसाठी त्याने १८८०मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. कातडे कसे सोलावे, कान आणि ओठ आतून कसे मोकळे करावे, पंजाच्या गाद्या कशा चिराव्या, उष्ण हवेत केस सुटू नयेत म्हणून किती त्वरा करावी, हे सारे तीत आहे. आणि या सर्व परिश्रमांचा रोख अर्थातच कातडे त्याच्या दुकानी सुखरूप पोहोचावे याकडे आहे. मग १८९२मध्ये त्याने शिंगांच्या मापांची आणि जनावरांच्या वजनांची नोंदवही प्रसिद्ध केली. पुढे 'रेकॉर्ड्स ऑफ बिग गेम' या नावाने तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. अनुवादकानेच अभिजात ग्रंथांची यादीही सिद्ध करावी, तसा हा प्रकार. वॉर्डची निवड करणारा शिकारी केवळ कारागीर निवडीत नव्हता. आपले जनावर कोणत्या परंपरेत वाचले जावे, हेही ठरवीत होता. वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन खुंट्यांमध्ये सरळ रेषेत मोजावा की अंगाच्या वळणांवरून फीत फिरवून मोजावा, यावर शिकारग्रंथांत जे वाद रंगले आहेत, ते या नोंदवहीच्या छायेतले आहेत. पवळगढचा प्रख्यात वाघ दहा फूट सात इंच असल्याचे जिम कॉर्बेट सांगतो, तेव्हा ते माप वळणांवरून घेतल्याचेही सांगतो. ही पाठचिकित्सकाची सवय आहे.

आता शिकारग्रंथांकडून कथेकडे वळू. साकीच्या १९११च्या 'द क्रॉनिकल्स ऑफ क्लोव्हिस' या संग्रहातील मिसेस पॅकलटाइडची कथा सर्वपरिचित आहे. बाई मचाणावरून गोळी झाडतात ती आमिष म्हणून बांधलेल्या बकऱ्याला लागते, आणि म्हातारा वाघ आवाजाच्या धक्क्यानेच मरतो. गावकऱ्यांना पैसे मिळालेले असतात, तेव्हा ते गप्प राहतात. पगारी सोबतीण लुइसा मेबिन मात्र पुढे तोंड बंद ठेवण्याची किंमत डॉर्किंगजवळच्या एका घराच्या रूपाने वसूल करते. समीक्षकांनी या कथेत साम्राज्यवादी मिरवणुकीची टिंगल पाहिली, ते योग्यच आहे. मला येथे एका अनुपस्थित पात्राकडे लक्ष वेधायचे आहे. गालिचा झालेल्या त्या वाघाच्या कातड्याला गोळीचे भोक नव्हते. हे ज्याला प्रथम कळले असणार, तो कातडे कमावणारा कारागीर. शिकारीची संहिता कातड्यावर लिहिलेली असते. गोळी कोठून शिरली, कोठून निघाली, जनावर समोर होते की पळत होते, जखम जुनी की नवी, हे सारे तो वाचतो आणि मग ते भोक शिवून टाकतो. शिकाऱ्याची कथा आणि कातड्याची कथा या दोहोंतील तफावत जाणणारा तो एकमेव वाचक. साकीने त्याला कथेबाहेर ठेवले आणि त्याच्या जागी लुइसाला साक्षीदार केले, कारण तो आत आला असता तर त्याचेही तोंड बंद करावे लागले असते. टॅक्सिडर्मिस्ट निवडताना मौन हाही एक निकष असतो, हे शिकारपुस्तिका उघड सांगत नाहीत.

त्या मौनाचा उलट चेहरा एच. जी. वेल्सच्या १८९४च्या एका छोट्या कथेत दिसतो. तिच्यातला टॅक्सिडर्मिस्ट दुसऱ्या पक्ष्यांची पिसे जोडून नामशेष झालेला ग्रेट ऑक बनवतो, आणि शेवटी अस्तित्वातच नसलेला पक्षी घडवल्याची बढाई मारतो. मुळाविना अनुवाद, असे याला म्हणता येईल. सत्यजित राय यांच्या 'रॉयल बेंगल रहस्य' या १९७४च्या फेलुदाकथेत भिंतीवरची जनावरे खरी आहेत. खोटे आहे ते नाव. शिकारी आणि लेखक म्हणून मिरवणाऱ्या जमीनदाराच्या शिकारी दुसऱ्याने केलेल्या आणि पुस्तके तिसऱ्याने लिहिलेली निघतात. स्मृतिचिन्हाचे कर्तृत्व आणि ग्रंथाचे कर्तृत्व राय एकाच घावात उघडे पाडतात. बंगाली रहस्यकथेने जे केले ते मराठीतील विपुल शिकारवाङ्मयाच्या समीक्षेने अद्याप केलेले नाही.

या साऱ्यांत सर्वांत सखोल संहिता फ्लोबेरची आहे, आणि तिच्यात शिकार नाही. 'अं कर सँप्ल' (१८७७) मधील मोलकरीण फेलिसिते हिचा पोपट मरतो. त्यात पेंढा भरून घे, असे मालकीण सुचवते. फेलिसिते औषधविक्रेत्याचा सल्ला घेते, तो ल हाव्रला पत्र लिहितो, आणि फेलाशेर नावाचा कोणी एक काम स्वीकारतो. दूरच्या गावचा, न पाहिलेला कारागीर, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर निवडलेला : शिकाऱ्यांच्या पत्रव्यवहाराची हीच रीत. परंतु टपालगाडीत पार्सले गहाळ होतात म्हणून ही बहिरी म्हातारी पोपट स्वतः ओंफ्लरपर्यंत पायी नेते, आणि वाटेत गाडीवानाचा चाबूक खाते. नंतर महिनोन्महिने वाट पाहणे. फेलाशेर आज-उद्या करतो. तिला वाटते, चोरलाच त्यांनी. अखेर पोपट येतो तो दिमाखात, फांदीवर, एक पाय उचलून, चोचीत अक्रोड धरून. आणि त्या अक्रोडाला कारागिराने भव्यतेच्या हौसेने सोनेरी मुलामा दिलेला असतो. कोणीही न मागितलेली ही भर आहे. अनुवादात असे सोनेरी अक्रोड किती सापडतात! फ्लोबेर त्याबद्दल फेलाशेरला दोष देत नाही, फेलिसितेही देत नाही. तिच्या भक्तीत तो मुलामा सामावून जातो. पुढे किडे पोपट खाऊन टाकतात तरी तो तिच्यासाठी पवित्र आत्म्याचे रूपच राहतो. येथे 'मेलेला गरुड' ही फिट्झेरल्डची कोटी निष्प्रभ होते. पेंढा भरलेला पक्षी कोणासाठी मृत आहे, हा प्रश्न फ्लोबेरने विचारला.

हाच प्रश्न आपल्या गोठ्यातही विचारला गेला आहे. वासरू दगावले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची रीत महाराष्ट्रातील जुन्या पशुपालकांना ठाऊक होती. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. तेथे काचेचे डोळे लागत नाहीत, पाय सरळ असण्याची गरज नसते. गंध पुरतो. ग्रहण करणारा बदलला की निष्ठेचा निकषही बदलतो, हे याहून स्पष्ट कोणत्या ग्रंथात सांगितलेले मला आढळलेले नाही. या रीतीत फसवणूक आहे हे खरे, आणि दूध काढणारा त्या फसवणुकीचा लाभार्थी आहे हेही खरे.

भारतात हा सारा व्यवहार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळपास संपला. शिकारी थांबल्या, परवान्याविना टॅक्सिडर्मीचा व्यवसाय करणेही निषिद्ध झाले. उरली ती संस्थानिकांच्या वाड्यांत आणि वस्तुसंग्रहालयांत उभी असलेली जनावरे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात ती पाहता येतात. पाहणारा वाघाकडे पाहतो, छत्रपतींचे नाव वाचतो. कारागिराचे नाव वाचत नाही. आणि मांडवात ज्यांनी कंदिलाच्या उजेडात, केस सुटण्याआधी, कातडे उतरवले त्यांची नावे तर कोठेच लिहिलेली नसतात. पिकॅडिली असो की म्हैसूर, सारी मदार त्या पहिल्या काही तासांवर होती.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतील पक्ष्यांचे नमुने याच्या अगदी उलट टोकाला आहेत. तेथे पक्षी उभे केलेले नाहीत. कापूस भरून, पाठीवर निजवून खणांत ठेवलेले आहेत. १९०८मध्ये बालवयातील सालिम अली एक मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तेथे गेले, आणि डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्यांच्यापुढे ते खण उघडले. फिट्झेरल्डच्या चिमणीला मिळालेले हे सर्वांत चोख उत्तर असावे : मेलेली चिमणी, आणि तिच्यातून सुरू झालेले एक आयुष्यभराचे वाचन. त्या नमुन्यांचे मोल पिसांत जेवढे आहे तेवढेच पायाला बांधलेल्या चिठ्ठीत आहे. तिच्यावर स्थळ, तारीख आणि मिळवणाऱ्याचे नाव असते. चिठ्ठी हरवली की नमुना निकामी होतो.

दक्षिणेतील किंवा पूर्वेकडील भाषांतली साहित्यकृती मराठीत येते तेव्हा ती पुष्कळदा इंग्रजीच्या वा हिंदीच्या वाटेने येते. म्हैसूरजवळ मारलेल्या वाघाचे कातडे पिकॅडिलीला पाठवून, तेथे उभा केलेला वाघ पुन्हा पुण्याला आणावा, तसे हे आहे. मधल्या कारखान्याने कोणता अक्रोड सोनेरी केला, हे मराठी वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो. मधली भाषा नकोच, असे माझे म्हणणे नाही. जाणकार मिळत नसेल तेव्हा पिकॅडिलीही चालवून घ्यावी लागते. पण आपल्याकडील अनेक अनुवादित पुस्तकांची श्रेयपाने पाहावीत. त्यांवर मूळ भाषेचे नाव असते, मूळ लेखकाचे असते, मराठी अनुवादकाचे असते. अनुवाद कोणत्या भाषेतून केला आणि त्या मधल्या भाषेतील अनुवादक कोण, ही ओळ मात्र कोरी सापडते.