‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ : युद्धकालीन प्रेमकथा आणि तिची घरगुती प्रत

व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाचे परीक्षण प्रस्तुत लेखात दोन अंगांनी करावयाचे आहे. युद्धाच्या पार्श्वभूमीवरील प्रेमकथा म्हणून त्याची योग्यता काय, हे एक अंग; आणि तबकडीच्या रूपाने तो घरोघरी व वर्गावर्गांत पोहोचला, त्या प्रतीची योग्यता काय, हे दुसरे. समीक्षक सहसा पहिल्या अंगाचा विचार करतात व दुसरे दुकानदारावर सोपवितात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही विभागणी चुकीची आहे. या चित्रपटाचे म्हणून सांगितले जाणारे काही दोष वस्तुतः प्रतीचे आहेत. उलट, त्याचा जो खरा दोष आहे तो प्रत कितीही स्वच्छ झाली तरी जाणारा नाही.

मूळ हकिकत सर्वपरिचित असली तरी थोडक्यात नोंदविणे आवश्यक आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (जन्म १९१०) हे राष्ट्रीय सभेने १९३८ च्या सप्टेंबरमध्ये चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातील एक. अटल, चोळकर, बसू व मुखर्जी हे त्यांचे सहकारी. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या आठव्या मार्गसेनेत कोटणीस यांनी शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा आत्मसात केली आणि १९४१ मध्ये नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद स्वीकारले. त्याच वर्षी त्यांचा गुओ छिंगलान यांच्याशी विवाह झाला. त्या परिचर्याशास्त्राच्या शिक्षिका होत्या. दोघांची पहिली भेट बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी झाली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. भारत व चीन या दोन्ही देशांचा निर्देश करणारे ‘यिनहुआ’ हे नाव त्याला ठेवण्यात आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टरांचा अंत झाला.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या जीवनावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यावरून राजकमल कलामंदिराचा हा चित्रपट निघाला. चरित्रातून पटकथेत येताना झालेले बदल केवळ सोयीचे नाहीत. त्यांतून दिग्दर्शकाची प्रेमविषयक धारणा उघड होते. पडद्यावरील डॉक्टर प्लेगवर उपाय शोधताना तो रोग स्वतःवर ओढवून घेतो, जपान्यांच्या कैदेत सापडतो, निसटतो, आणि अखेर त्या रोगानेच मरतो. अपस्मारात हेतू नसतो, हौतात्म्य नसते. म्हणून पटकथेला तो चालला नसावा. त्याचप्रमाणे गुओ छिंगलान यांचे शिक्षण आणि अध्यापनाचा अधिकार चिंग लान या पात्रात मागे पडतो. पुढे येते ती प्रेयसी, पत्नी व माता. एका कामात गुंतलेल्या दोन समान व्यावसायिकांचे प्रेम ही १९४६ साली आपल्या पडद्यावर नवलाची गोष्ट ठरली असती. ती संधी येथे हुकली, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

नटसंचाबाबतही तसेच. अठ्ठाविसाव्या वर्षी मुंबई सोडलेल्या तरुणाची भूमिका पंचेचाळिशीच्या शांतारामांनी केली आहे. चिंग लान जयश्रीबाईंनी केली. डोळ्यांच्या रंगभूषेने त्यांना चिनी बनविण्याचा प्रयत्न आजच्या विद्यार्थ्याला हसू आणतो, आणि ते हसू अनाठायी नाही. दिग्दर्शक व नायिका हे वास्तवात पतिपत्नी होते व त्यांचाही विवाह १९४१ मधलाच, हा योगायोग जाता जाता नमूद करावा; त्यामुळे प्रेमप्रसंग अधिक सच्चे झाले आहेत, असे मात्र मला वाटत नाही.

तरीही हा चित्रपट टाकाऊ ठरत नाही, तो त्याच्या अखेरच्या प्रसंगामुळे. मरणासन्न डॉक्टर पत्नीला सांगत राहतो की ती मुलाला घेऊन भारतात जाईल तेव्हा तिला काय दिसेल, कोण भेटेल, घर कसे असेल. पडद्यावर तिचे ते येणे दिसते व आवाज त्याचा चालू राहतो. येथे ‘शकुंतला’ (१९४३) आठवल्यावाचून राहत नाही. तोच दिग्दर्शक, तीच नायिका. तिथे पती राजसभेत हजर असून ओळख देत नाही. इथे पती या जगात नाही आणि तरी त्याच्या शब्दांनी घर तिला आधीच ओळखीचे झाले आहे. परकी स्त्री सासरी येते, हा आपल्या ओव्यांतला जुना विषय शांतारामांनी आंतरराष्ट्रीय युद्धाच्या टोकाला नेऊन लावला. चिंग लानला सून करून घेण्यात तिचे चिनीपण पुसले जाते, हा आक्षेप येथेही उरतो. परंतु प्रसंगाची शक्ती नाकारता येत नाही. ती शक्ती आहे कालावधीत : आवाज घाई करीत नाही, चित्र त्याच्या मागून येते, आणि ऐकणारी स्त्री व चालणारी स्त्री एकच असूनही दोघींमध्ये एक मृत्यू आहे.

नेमकी हीच गोष्ट घरगुती प्रतीत मार खाते. पेण-रोहा परिसरातील आपल्या महाविद्यालयांत चित्रपट शिकविला गेला तो प्रामुख्याने व्हीसीडीवरून. अलीकडे आंतरजालावरून, पण तेथील प्रतीही बहुधा अशा तबकड्यांवरूनच उतरविलेल्या असतात. एका व्हीसीडीत सुमारे ७४ ते ८० मिनिटांचे चित्र मावते, त्यामुळे चित्रपट दोन तबकड्यांत तोडावा लागतो. ही तोड आशयाकडे पाहून नव्हे, जागेकडे पाहून होते. भारतात प्रचलित पद्धतीच्या व्हीसीडीवर प्रत्येक चौकटीत ३५२ गुणिले २८८ बिंदू असतात. डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चौपट. कृष्णधवल चित्रपटात रंग नसल्याने सारी भिस्त छटांवर. त्या कमी झाल्या की काळोखातील चेहरा राखाडी डागासारखा दिसतो. शिवाय सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पंचवीसच्या गतीने उतरविला तर शंभर मिनिटांचे शहाण्णव होतात आणि आवाजाची पट्टी अर्ध्या सुराला थोडी कमी पडावी इतकी चढते. मरणाऱ्या माणसाचे संथ बोलणे घाईचे वाटू लागते. विद्यार्थी त्याला ‘नाटकी’ म्हणतात. त्या नाटकीपणातला शांतारामांचा वाटा किती व यंत्राचा किती, हे वेगळे करून दाखविणे शिक्षकाचे काम आहे. रुंद पडद्याच्या दूरचित्रवाणी संचावर मूळची जवळजवळ चौरस चौकट ताणली गेली, तर जयश्रीबाईंच्या डोळ्यांची रंगभूषा आणखीच विद्रूप होते.

पेणकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. गणेशमूर्तीचा साचा मूळ मूर्तीवरून काढला तर रेषा टिकते. साच्यातल्या मूर्तीवरून पुन्हा साचा, असे होत गेले की कडा बोथट होत जातात, आणि मग सगळा भार डोळ्यांच्या आखणीवर येतो. आपल्या हाती आलेली प्रत अशी कितव्या साच्यातली आहे, हे कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते.

प्रतीचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, हे याच चित्रपटाच्या परदेशातील नशिबावरून दिसते. त्याची ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटनीस’ ही इंग्रजी आवृत्ती शांतारामांनीच सिद्ध केली होती. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत तेच चित्रीकरण कापून-जोडून ‘नाइटमेअर इन रेड चायना’ या नावाने दाखविण्यात आले. चिनी प्रतिकाराशी सख्य जोडणारी कथा साम्यवादी चीनची भीती घालण्यासाठी वापरली गेली. चित्रे तीच, हेतू उलटा. मराठीच्या अभ्यासकांना यासाठी नवी परिभाषा शोधण्याचे कारण नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठभेद, प्रक्षेप व लेखकप्रमाद हे शब्द आपल्याकडे आहेत. पोथीच्या बाबतीत एवढी दक्षता घेणारे आपण चित्रपट शिकविताना मात्र पहिली मिळेल ती तबकडी ‘संहिता’ म्हणून लावतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटवरील जुन्या चित्रपटांच्या फिती आगीत नष्ट झाल्या, तेव्हा कशा प्रकारची प्रत आपण कायमची गमावू शकतो हे दिसले होते. तरीही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तबकडीची नोंद शीर्षक व किंमत एवढ्यावरच संपते. कालावधी, आवृत्ती, भाषा यांचे रकाने नसतात.

प्रस्तुत लेखकाची शिफारस अशी की, वर्गात हा चित्रपट लावताना आपल्या प्रतीचा कालावधी अन्य प्रतींशी ताडून पाहावा, चौकट मूळ प्रमाणात ठेवावी आणि अखेरचा प्रसंग दोनदा दाखवावा : एकदा चित्रासह, एकदा पडदा झाकून केवळ आवाज. दुसऱ्या वेळी हसू येत नाही, असा अनुभव आहे.

त्यानंतर विद्यार्थ्यांना गुओ छिंगलान यांचे पुढील आयुष्य सांगावे. त्या भारतात अनेकदा आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या. परंतु राहिल्या चीनमध्येच आणि २०१२ मध्ये तेथेच निवर्तल्या. यिनहुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये, चोविसाव्या वर्षी वारला. ‘माय लाइफ विथ कोटनीस’ हे त्यांचे आत्मकथन इंग्रजीत उपलब्ध आहे. चित्रपटासोबत तेही अभ्यासाला लावता येईल.