सत्तरीनंतर मुतखड्याचं ऑपरेशन: ‘सुरक्षित’ म्हणजे नक्की काय?

नवीन जालन्यात मुतखडा हा काही नवलाचा आजार नाही. ऊन कडक, कामाच्या नादात पाणी पिणं कमी. पण ऑपरेशन आजोबांचं असलं की घरचे एकच विचारतात, ‘या वयात झेपेल का?’ शोधनिबंधांचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो, सुरक्षित आहे’ असंच असतं. उत्तर खोटं नाही, पण मला ते अर्धं वाटतं.

पीसीएनएल म्हणजे पाठीत छोटं छिद्र पाडून, दुर्बिणीने मूत्रपिंडातला खडा फोडून काढणं. 1976 मध्ये ही पद्धत स्वीडनमधून पुढे आली. तिच्यावरचा क्रोएसचा अभ्यास प्रचंड आहे: 96 केंद्रं, 5803 रुग्ण. त्याच माहितीवरून 2012 मध्ये सत्तरीपुढच्यांची तुलना त्याहून लहान रुग्णांशी झाली. खडे साफ होण्याचं प्रमाण सारखंच, गुंतागुंत थोडी जास्त.

आता गोम बघा. तक्त्यात फक्त ऑपरेशन झालेलेच रुग्ण आहेत. हृदय कमजोर म्हणून ज्यांना भूल द्यायलाच नको असं ठरलं, ते मोजणीत नाहीतच. जालन्याच्या बियाणेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: चाळून घेतलेल्या दाण्यांची उगवण बघून सगळ्या पोत्याची हमी देता येत नाही.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. अशा निबंधांत क्लेव्हियन श्रेणी वापरतात. गुंतागुंतीवर किती उपचार करावा लागला, त्यावर श्रेणी ठरते. भुलीनंतर आजोबा तीन दिवस बरळले आणि आपोआप शांत झाले, तर श्रेणी खालचीच. घरच्यांसाठी मात्र ते तीन दिवस म्हणजे ऑपरेशनपेक्षा मोठं संकट! घरी गेल्यावर ते पहिल्यासारखे चालू-फिरू लागले का, हा रकाना तर क्वचितच दिसतो.

क्रिएटिनिनचंही तसंच. म्हातारपणी स्नायू कमी होतात, त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो आणि मूत्रपिंड आतून थकलेलं असू शकतं. नुसत्या क्रिएटिनिनवर ‘किडनी ठीक’ लिहिणारा निबंध मी जरा जपूनच वाचते.

सध्या मिनी-पर्कचं कौतुक जास्त. नळी बारीक, रक्त कमी जातं, हे खरंच. पण बारीक वाटेने मोठा खडा काढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ म्हातारा माणूस भुलीखाली असतो. हिमोग्लोबिन किती उतरलं ते निबंधाच्या सारांशात असतं. ऑपरेशनची मिनिटं बघायला आतले तक्ते उघडावे लागतात.