टपाल-तिकिटांच्या पुस्तिका व त्यांतील दुर्मिळ भेद : एक परीक्षण

ऐतिहासिक कागदपत्रांस वाहिलेल्या त्रैमासिकांत टपालाच्या तिकिटांची चर्चा कशास, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, जी वस्तु कागदाची आहे, जिची बांधणी विशिष्ट काळीं विशिष्ट हेतूनें झाली आहे, व जी मोडली असतां तिची साक्ष नाहींशी होते, ती संशोधकाच्या विचारास पात्रच होय. तिकिटांच्या पुस्तिका जमविणाऱ्यांनीं जी पद्धति रूढ केली आहे तिच्यांत आम्हांस एक मोठा दोष दिसतो, व पोथ्या आणि रुमाल जमविणारे आम्ही लोक त्या दोषापासून मुक्त नाहीं.

तिकिटांची पुस्तिका म्हणजे खिशांत बाळगावयाची लहानशी वही. आंत बहुधा सहा-सहा तिकिटांचीं पानें, बाहेर जाड कागदाचें वेष्टन, आणि कडेस तारेचा टाका किंवा दोऱ्याची शिवण. लक्झेंबर्गनें ती इ. स. १८९५ मध्यें काढली, अमेरिकेंत ती १९०० सालीं निघाली, आणि इंग्लंडांत ता. १६ मार्च १९०४ रोजीं विक्रीस आली. या शेवटच्या पुस्तिकेंत एक पेनीचीं चोवीस तिकिटें होतीं. किंमत मात्र दोन शिलिंग व वर अर्धा पेनी. हा अर्धा पेनी बांधणीचा. हिंदुस्थानांत त्याच सालीं निघालेल्या पुस्तिकेचा हिशेबही याच धर्तीचा आहे : अर्ध्या आण्याचीं चोवीस तिकिटें, किंमत साडेबारा आणे.

इ. स. १९०६ मध्यें इंग्लंडच्या टपालखात्यानें हा खर्च निराळ्या रीतीनें बसविला. एक पेनीचीं बारा व अर्ध्या पेनीचीं तेवीस तिकिटें पुस्तिकेंत घातलीं. त्यांची बेरीज साडेतेवीस पेन्स होते. पुस्तिका विकली पुऱ्या दोन शिलिंगांस. अर्ध्या पेनीच्या एका पानावर सहाव्या तिकिटाच्या जागीं सेंट अँड्र्यूच्या क्रूसाची फुली छापलेला एक तुकडा होता. टपालास तो निरुपयोगी, म्हणून फेंकून देण्याजोगा. आज तोच तुकडा ज्याला चिकटून राहिला आहे असें अखंड पान संग्राहकांत मोठ्या मोलाचें ठरतें. हें मोल केवळ विरळपणाचें नव्हे. तो तुकडा नसेल, तर पुस्तिकेचा हिशेब कसा जुळविला होता हें पानावरून समजत नाहीं. पोथीची पुष्पिका हरवली असतां लेखनकाल जातो, त्यांतलाच हा प्रकार.

आतां ज्या भेदाविषयीं सर्वांत अधिक गैरसमज आहे त्याकडे वळूं. सातव्या एडवर्डच्या अर्ध्या व एक पेनीच्या कित्येक तिकिटांत मुकुटाचें जलचिन्ह उलटें आढळतें. नवखा संग्राहक यास छापखान्याची चूक समजून हर्षित होतो. वस्तुतः येथें चूक मुळींच नाहीं. पुस्तिकांसाठीं ताव छापतांना निम्मीं पानें सुलट व निम्मीं उलट मांडीत, म्हणजे कापणी व बांधणी सोयीची होई. कागदांतील जलचिन्हें मात्र सर्व एकाच दिशेस. अर्थात् पुस्तिकेंतील निम्म्या तिकिटांत जलचिन्ह उलटें येणारच. परंतु त्याच राजाच्या अडीच पेनीच्या तिकिटांत उलटें जलचिन्ह दिसलें, तर तो खरा अपवाद होय. कारण तें तिकीट त्या कारकीर्दींत पुस्तिकेंत घातलेंच जात नव्हतें, आणि तेथें ताव यंत्रांत उलटा गेला असें मानणें भाग आहे. चिन्ह तेंच, परंतु उत्पत्ति भिन्न, म्हणून अर्थही भिन्न. उत्पत्ति न पाहतां केवळ भेद मोजणें ही विद्या नव्हे.

आमचा मुख्य आक्षेप येथेंच आहे. मूल्यसूचींत एकएका पानास स्वतंत्र क्रमांक व किंमत मिळाली कीं पुस्तिका मोडण्याचा मोह सुरू होतो. व्यापारी टांका उसवतो, महाग पान वेगळें विकतो. जाहिरातींचीं पानें व वेष्टन कचऱ्यांत जातात. पुढें अखंड पुस्तिकांस भाव आला म्हणजे हीच क्रिया उलट दिशेनें होते, व निरनिराळ्या पुस्तिकांचे अवशेष एकत्र शिवून “अखंड” प्रत तयार होते. अशी एक प्रत आम्हीं स्वतः खरी मानून घेतली होती. कित्येक महिन्यांनीं उजेडांत धरली तेव्हां दिसलें कीं, दोन पानांच्या कडेस टांक्याचीं भोकें दोन जोड्यांत होतीं. वेष्टनाच्या आंतल्या बाजूस गंजाचा डाग होता, पण त्यास लागून असलेल्या पानावर त्याची खूण नव्हती. तार नवी व डाग जुना ! दोष विकणाराचा खरा, पण भोकें मोजण्याचें काम आमचें होतें, व तें आम्हीं केलें नव्हतें.

या पक्षाच्या विरुद्ध असें म्हणतां येईल कीं, पुस्तिका न उघडतां जलचिन्ह व दंतुर कडा तपासावयाच्या कशा ? आक्षेप रास्त आहे. तथापि पान उचलून उजेडांत पाहणें निराळें आणि टांका तोडणें निराळें. जी वस्तु आधींच मोडलेली मिळेल तिची चिकित्सा खुशाल करावी. जी अखंड मिळेल ती तशीच ठेवून पानांचा क्रम, प्रत्येक पानांतील जलचिन्हाची दिशा, वेष्टनाचा रंग व मजकूर, टांक्याचा प्रकार आणि भोकांची संख्या यांची टिपण करावी. एवढी टिपण असली तर पुढें कोणी पुस्तिका मोडली, तरी तिची साक्ष सर्वस्वीं बुडणार नाहीं.

हें सर्व आम्ही तिकिटांच्या निमित्तानें लिहिलें, परंतु बोट आमच्याच घराकडे आहे. रुमाल सोडून त्यांतील एक चांगलें पत्र काढून घेणारा व उरलेले कागद विस्कटून टाकणारा संग्राहक कोणता न्याय करतो ? तें पत्र कोणत्या कागदांच्या शेजारीं होतें, ही माहिती पत्रांत लिहिलेली नसते. ती रुमालांतच असते. पुस्तिका अर्ध्या पेनीची जुळवाजुळव सांगते ती अखंड असेल तरच. दुर्मिळ पान हातीं आल्याचा आनंद आम्हांसही ठाऊक आहे. परंतु तें कोठून सुटलें हें सांगतां आलें नाहीं, तर तो आनंद संग्राहकाचा खरा, संशोधकाचा नव्हे.