प्राध्यापक विल्सन यांची दोन पुस्तके

राज्यशास्त्राचा प्राध्यापक राज्य करू लागला की त्याची फजिती होते, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे आहे. पुस्तकी विद्या निराळी आणि व्यवहार निराळा, असे घरोघरची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत; आणि पुरावा मागितला की शिकलीसवरली मंडळी हटकून वूड्रो विल्सन यांचे नाव घेतात. पुस्तकांत रमलेला हा भाबडा पंडित पॅरिसला गेला, मुरलेल्या मुत्सद्द्यांनी त्याला गुंडाळले आणि अखेर घरच्यांनीही त्याला झिडकारले, अशी ती कथा. मला ती पटत नाही. विल्सन यांची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. आपल्या पुस्तकाप्रमाणे वागले तेव्हा विल्सन जिंकले. ते मिटून ठेवले तेव्हा हरले.

सणासुदीला अमेरिकेच्या सेनेटच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण या गोष्टीचा एक धागा पुण्याच्या गायकवाडवाड्यापर्यंत येतो. तेव्हा वाचकांनी अंमळ धीर धरावा.

पहिले पुस्तक ‘काँग्रेशनल गव्हर्नमेंट’. ते १८८५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा विल्सन अठ्ठावीस वर्षांचे होते आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत होते. याच पुस्तकावर पुढच्या वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. ही पदवी मिळवलेला दुसरा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेला आजवर लाभलेला नाही. पुस्तकाचे म्हणणे असे, की अमेरिकेची घटना कागदावर कशीही असो, खरी सत्ता काँग्रेसच्या बंद दाराआडच्या समित्यांच्या हाती आहे. आणि सत्ता अशी वाटली गेल्यामुळे जाब कोणाला विचारायचा हेच जनतेला कळत नाही. बॅजहॉट या इंग्रज ग्रंथकाराने इंग्लंडच्या घटनेचे जे केले, ते अमेरिकेच्या घटनेचे करावे, ही विल्सन यांची आकांक्षा होती. भाषा प्रवाही आहे, उपरोध मार्मिक आहे. उणीव एकच, पण मोठी: वॉशिंग्टन बाल्टिमोरहून आगगाडीने जेमतेम तासाभरावर, तरी काँग्रेसचे कामकाज पाहायला ग्रंथकार गेलेच नाहीत! संस्था त्यांना अचूक दिसतात; संस्थांतली माणसे दिसत नाहीत. ही उणीव लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ती पुस्तकातून आयुष्यात उतरली.

या पुस्तकात तहांविषयी एक मार्मिक विवेचन आहे. राष्ट्राध्यक्षाने तह करायचा आणि सेनेटने दोन तृतीयांश मतांनी तो मान्य करायचा, ही तरतूद विल्सन तपासतात आणि म्हणतात, की सेनेटच्या हाती तह घडविण्यापेक्षा बिघडविण्याचीच शक्ती अधिक आहे.

दुसरे पुस्तक ‘कॉन्स्टिट्यूशनल गव्हर्नमेंट इन द युनायटेड स्टेट्स’, १९०८ सालचे. ही कोलंबिया विद्यापीठात दिलेली व्याख्याने. पुढे १९१३ साली डॉ. आंबेडकर शिकायला गेले, तेच हे विद्यापीठ. मधल्या काळात विल्सन ब्रिन मॉर, वेस्लियन आणि प्रिन्स्टन येथे प्राध्यापक होऊन १९०२ पासून प्रिन्स्टनचे अध्यक्ष झाले होते. या पुस्तकात समित्यांची जागा राष्ट्राध्यक्षाने घेतली आहे. साऱ्या राष्ट्राचा प्रतिनिधी असा तोच एक. त्याने नेतृत्व करावे, असे ते सांगतात. सेनेटविषयीचा जुना प्रश्नही पुन्हा येतो, आणि या वेळी उपायासह येतो. राष्ट्राध्यक्षाने ताठपणा सोडावा. आपली योजना पुरी करून ती मान्य करा किंवा फेटाळा म्हणून सेनेटपुढे टाकू नये. ती आकार घेत असतानाच तिथल्या पुढाऱ्यांना विश्वासात घ्यावे, असा तो उपाय. तहाच्या बाबतीत यापेक्षा शहाणा सल्ला कोणा मुत्सद्द्याने दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

मार्च १९१३ मध्ये विल्सन स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि आरंभी ग्रंथकार व राज्यकर्ता हातात हात घालून चालले. एप्रिलमध्ये ते जातीने काँग्रेसपुढे भाषणाला उभे राहिले. जॉन ॲडम्स यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कोणा राष्ट्राध्यक्षाने असे केले नव्हते. सारे लेखी संदेश पाठवीत. विल्सन काँग्रेसच्या इमारतीत जाऊन सभासदांशी बोलत, त्यांचे ऐकून घेत. फळ लगेच दिसले. त्याच वर्षी जकाती उतरल्या आणि फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती पेढ्यांची व्यवस्था उभी राहिली. पुढच्या वर्षी मक्तेदारीला आळा घालणारे कायदे झाले. पुस्तकी पंडिताला हे जमले, ते पुस्तकामुळेच.

मग १९१९ साली काय झाले? नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधी पक्षाकडे गेली होती. तरी पॅरिसला तह करायला जाताना विल्सन यांनी एकही सेनेटर बरोबर घेतला नाही. राष्ट्रसंघाची योजना तहात गुंफून आणली आणि ती जशीच्या तशी स्वीकारा असा आग्रह धरला. १९०८ च्या पुस्तकात जे करू नये म्हटले होते, ते त्यांनी एकेक करून केले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण इतकी चपखल क्वचितच बसते.

सेनेटमधले त्यांचे प्रतिस्पर्धी हेन्री कॅबट लॉज हेही हार्वर्डचे डॉक्टर. गंमत अशी, की १८७९ साली विद्यार्थी विल्सन यांचा मंत्रिमंडळ-पद्धतीवरचा लेख ज्या मासिकाने स्वीकारला, त्याच्या संपादकांत हेच लॉज होते. लॉज यांनी तहाला दुरुस्त्यांची पुरवणी जोडली. त्या मान्य करू नका, असे विल्सन यांनी स्वपक्षीयांना बजावले. मार्च १९२० च्या अखेरच्या मतदानात ४९ अनुकूल व ३५ प्रतिकूल मते पडली. दोन तृतीयांशाला सात कमी! त्या पस्तिसांत तेवीस मते विल्सन यांच्याच पक्षाची होती.

पक्षाघाताने विल्सन यांची विवेकशक्ती गेली होती, असा बचाव केला जातो. झटका आला हे खरे, पण तो ऑक्टोबर १९१९ मध्ये. सेनेटला डावलून पॅरिसची वाट धरली ती डिसेंबर १९१८ मध्ये. शिवाय प्रिन्स्टनमध्ये हेच नाटक एकदा होऊन गेले होते. विद्यार्थ्यांचे श्रीमंती भोजनसंघ मोडण्याची त्यांची १९०७ ची योजना हेतूने चांगली होती. पण ती आधी जाहीर झाली आणि चर्चा मागाहून, म्हणून ती बुडाली. तडजोड म्हणजे अधर्म, अशी धर्मोपदेशकाच्या या मुलाची वृत्तीच होती. त्यांच्या पुस्तकाने या वृत्तीवर औषध सांगितले होते. ते घेण्याचे त्यांच्या मनात आले नाही.

याची किंमत कोणी दिली? ‘स्वयंनिर्णय’ हा शब्द विल्सन यांच्या फेब्रुवारी १९१८ च्या भाषणाने जगभर गेला आणि परतंत्र देशांना आशा वाटली. लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडणारे पत्र विल्सन यांना पाठवले. उत्तर चिटणिसाचे आले: सभ्य आणि पोकळ. टिळकांना पॅरिसला जाण्याचा परवाना मिळाला नाही. हिंदुस्थानच्या नावाने तेथे बसले ते सरकारने निवडलेले प्रतिनिधी. सेनेटर असोत की टिळक, ज्यांच्यासंबंधी बोलायचे त्यांच्याशी बोलायचे नाही, ही रीत दोन्हीकडे एकच.

माझ्या सिद्धांताला एक पुरवणी मात्र जोडली पाहिजे. विल्सन यांनी १९०२ साली अमेरिकन लोकांचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. त्यात दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या बाजूने आणि नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांविषयी तुच्छतेने लिहिलेली पाने आहेत. या पुस्तकाशी ते इमान राखून वागले. त्यांच्या कारकिर्दीत सरकारी खात्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवले गेले, आणि १९१४ साली त्याची तक्रार घेऊन आलेल्या विल्यम मनरो ट्रॉटर यांना राष्ट्राध्यक्षांनी रागाने वाटेला लावले. २०२० साली प्रिन्स्टनने आपल्या सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयावरून विल्सन यांचे नाव उतरवले, ते याच कारणाने. म्हणजे पुस्तकाप्रमाणे वागणे हे पुस्तकाइतकेच चांगले किंवा वाईट.

तरीही १९०८ चे ते पुस्तक मी चांगल्या ग्रंथांत ठेवीन. सत्ता हाती आलेल्या माणसाने दुसऱ्याला आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट त्यात पुरेशा खोलीने सांगितली आहे. ती घर चालविणाऱ्यालाही लागू आहे. प्राध्यापकांना राज्य करू द्यावे की नाही, हा वाद मला फोल वाटतो. खुर्चीवर बसल्यावर ते आपली पुस्तके उघडतात की नाही, एवढेच पाहावे.